सुतार की सुताराचा मुलगा

श्रावणातला पाऊस शिराळ्यात एकदा धरला की चार-चार दिवस सोडत नाही. मोरणेला पाणी चढतं, धूळवाफेवर पेरलेलं भात गुडघाभर झालेलं असतं आणि घराबाहेर पडायला काही निमित्त उरत नाही. अशा दिवसांत मी जेवणाच्या टेबलावर मोठा ड्रॉइंग पेपर पसरतो, पट्टी लावून चार उभे रकाने आखतो आणि त्यांच्या डोक्यावर मत्तय, मार्क, लूक, योहान अशी नावं लिहितो. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो, तेव्हापासून हेच काम चाललं आहे.

काम दिसायला सोपं आहे. एका कागदावर एकच प्रसंग घ्यायचा. चारही शुभवर्तमानांतला त्याचा मजकूर ज्याच्या-त्याच्या रकान्यात हाताने उतरवायचा, खाली मूळ ग्रीक शब्द लिहायचे. मग रंगीत पेन्सिली. तिघांत किंवा चौघांत जुळणारा शब्द निळा, दोघांत जुळणारा हिरवा, एकट्याचाच असेल तो तांबडा. जर्मनीतल्या ग्रीसबाख नावाच्या अभ्यासकाने अठराव्या शतकात पहिली तीन शुभवर्तमानं अशी शेजारी-शेजारी छापली, आणि येशूचा इतिहास शोधणाऱ्या प्रत्येकाला आजही सुरुवात तिथूनच करावी लागते. छापील रकाने विकत मिळतात. पण हाताने उतरवलं की डोळ्यांतून निसटलेलं बोटांना सापडतं, म्हणून मी लिहूनच काढतो.

एका शब्दापाशी मी आठवडाभर अडलो होतो. येशू आपल्या गावी, नासरेथला जातो, सभास्थानात शिकवतो आणि गावकरी चकित होतात, असा तो प्रसंग. मार्कच्या रकान्यात गावकरी त्याला सुतार म्हणतात. मत्तयाच्या रकान्यात तेच गावकरी त्याला सुताराचा मुलगा म्हणतात. लूककडे तो नुसताच योसेफाचा मुलगा, सुतारकीचं नावच नाही. बहुतेक अभ्यासक मार्कचं लेखन सर्वांत जुनं धरतात, इसवी सन 70 च्या आसपासचं, आणि मत्तय व लूक यांच्यापुढे ते होतं असं मानतात. म्हणजे पुढे ठेवलेल्या मजकुरातला ‘सुतार’ एकाने एक पिढी मागे सरकवला आणि दुसऱ्याने गाळला. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने तर ठासून लिहिलं की, मंडळींत चालणाऱ्या शुभवर्तमानांत येशूला स्वतःला कुठेच सुतार म्हटलेलं नाही. तो उत्तर देत होता केल्सस नावाच्या टीकाकाराला, आणि केल्ससने या सुतारकीचीच टर उडवली होती.

मला हे वाचताना सुतारमेट आठवतं. लहानपणी औतं दुरुस्तीला टाकायला वडील मला तिथे न्यायचे. वाकस, पटाशी, बाभळीच्या लाकडाचा तो वास. सुगीला बलुतं मागायला येणाऱ्या सुताराला ओसरीवर कुठवर यायचं ते न सांगता ठाऊक असायचं. त्यामुळे ‘हा तर सुतार’ या शब्दांतली धार शिराळ्यातल्या माणसाला समजावून द्यावी लागत नाही. ग्रीक शब्द आहे ‘टेक्टोन’. लाकडाचं आणि बांधकामाचं काम करणारा कारागीर, असा त्याचा अर्थ. नासरेथ लहानसं खेडं, आणि तिथून जेमतेम सहा किलोमीटरवर हेरोद अंतिपाने नव्याने उभारलेलं सेफोरिस शहर. येशू तिथे कामाला जात असेल का, यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलं आहे. पुरावा मात्र एकाच्याही हाती नाही, म्हणून मी तो रकाना रिकामा ठेवला आहे. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मात्र सांगतो की, येशू नांगर आणि जू घडवायचा. जस्टिनचा जन्म तिकडचाच, शोमरोन प्रांतातला. त्याने परंपरेतून ऐकलं की त्या भागातले सुतार काय करतात हे पाहून लिहिलं, ते सांगता येत नाही. तरी ते वाक्य मी कागदाच्या समासात उतरवून ठेवलं.

मिरजेकडचे एक निवृत्त पाळक माझ्याकडे येतात. ग्रीक व्याकरणाची पहिली ओळख त्यांनीच करून दिली. हा कागद पाहून ते म्हणाले, “सर, आमच्या लोकांना वाटेल, तुम्ही चुका काढताय.”

“चुका नव्हे, पाळकसाहेब. माणसं कुठे संकोचली ते बघतोय.”

ते मला मनापासून सांगायचं होतं. भक्ताला जी गोष्ट अवघड जाते, ती भक्ताने रचलेली असण्याचा संभव कमी. बाप्तिस्म्याचा कागद घ्या. मार्क सरळ सांगतो की, येशू आला आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडून (हा चौथ्या रकान्याचा योहान नव्हे) यार्देन नदीत बाप्तिस्मा घेऊन गेला. योहानाचा बाप्तिस्मा पापांच्या क्षमेसाठी, मग येशूला तो कशाला हवा? मत्तयाच्या रकान्यात लगेच एक संवाद उगवतो. योहान आढेवेढे घेतो, येशू समजूत घालतो. लूक आधी योहानाला तुरुंगात घालून मोकळा होतो आणि मगच येशूच्या बाप्तिस्म्याचा ओझरता उल्लेख करतो. चौथ्या रकान्यात तो प्रसंगच नाही. योहान येशूची साक्ष देतो, पण बाप्तिस्मा दिल्याचं वाक्य सापडत नाही. या कागदावर मार्कचा रकाना सोडला की तांबडा रंग वाढत गेला आहे. एवढी कसरत करावी लागली, म्हणून तर येशू खरोखर योहानाकडे गेला होता असं जवळजवळ सगळे इतिहासकार मानतात.

आमच्या घरीही हे घडलेलं मी पाहिलं आहे. गोरक्षनाथ भिक्षेला आले, घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत होती आणि नाथांनी त्या मातीच्या नागात जीव भरला, ही शिराळ्याची कथा. आजी सांगायची तेव्हा नाथांना दारात किती वेळ ताटकळत ठेवलं, हे ती रंगवून सांगे. आत्याच्या तोंडी ते ताटकळणं दोन शब्दांत उरकायचं. आपल्या गावाने नाथांना उभं ठेवलं, हे तिला बरं वाटत नसावं. आजीची गोष्ट जुनी होती हे मला त्या ताटकळण्यावरून कळतं.

असाच दुसरा एक अडवणारा शब्द म्हणजे गोंडा. रक्तस्राव होणारी बाई गर्दीत मागून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते. एका मराठी भाषांतरात ती गोंड्याला शिवते, दुसऱ्यात काठाला. मी पहिल्यांदा ‘काठ’ वाचला आणि डोळ्यांपुढे धोतराचा काठ आला. मत्तयाचा ग्रीक शब्द आहे ‘क्रास्पेडोन’. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, गणनेच्या पुस्तकात, प्रत्येक यहुद्याने वस्त्राच्या चार कोपऱ्यांना लावायच्या गोंड्यांसाठी हाच शब्द येतो. हिब्रूत त्याला ‘त्सीत्सीत’ म्हणतात.

तो कसा असतो हे पाहायला मी अलिबागला गेलो, इस्राएल आळीतल्या मागेन आबोथ सिनेगॉगमध्ये. तिथल्या एका वयस्कर गृहस्थांनी प्रार्थनेची शाल उघडून कोपरा माझ्या हातात दिला. चार दोरे भोकातून ओवून दुमडलेले, म्हणून आठ टोकं, वर पाच दुहेरी गाठी आणि गाठींमध्ये घट्ट वेढे. धुऊन-धुऊन मऊ पडलेले. “हे मोजायचे असतात, नुसते बघायचे नाहीत,” ते अस्सल कुलाब्याच्या मराठीत म्हणाले. या मराठी यहुद्यांना, बेने इस्राएल लोकांना, कोकणात शनवार तेली म्हणत, कारण त्यांचा घाणा शनिवारी बंद असे. गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या माणसांचे आपण वंशज, असं ते सांगतात. पेणकर, दिवेकर, केहिमकर अशी त्यांची आडनावं. वल्हांडण सणाचा त्यांचा हग्गादा 1874 मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापला गेला, आणि त्यातल्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यांत आहेत.

तो गोंडा हातात घेतल्यावर माझा येशू बदलला. तो गोंडे लावणारा, शब्बाथाला सभास्थानात जाणारा, सणाला यरुशलेमला जाणारा यहुदी होता. गोंडे लांब करून मिरवणाऱ्यांवर त्याने मत्तयात टीका केली आहे. तिथेही शब्द तोच, ‘क्रास्पेडोन’. रोख मिरवण्यावर आहे, गोंड्यावर नाही. हा घरातला वाद होता. गेझा वर्मेश यांचं ‘जीझस द ज्यू’ 1973 साली आलं, तेव्हापासून ही बाजू डावलून येशूवर लिहिणं अवघड झालं. त्याआधीच्या कित्येक पिढ्या मात्र यहुदी धर्म काळा रंगवायचा आणि त्यावर येशूला उजळ दाखवायचा, असंच करत आल्या. त्या काळ्या रंगाची किंमत युरोपातल्या यहुद्यांनी काय मोजली, ते जग जाणतं. म्हणून या गोंड्याला मी बारीकसारीक तपशील म्हणू शकत नाही.

आपल्या भाषेत या कामाची वाट पंडिता रमाबाईंनी पाडली. केडगावच्या मुक्ती सदनात बसून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मुळावरून सगळं बायबल मराठीत आणलं, आणि तिथल्याच मुलींनी खिळे जुळवून ते छापलं. 1922 मध्ये बाई गेल्या, 1924 मध्ये ग्रंथ बाहेर आला. शास्त्र्यांच्या संस्कृतात वाढलेल्या या बाईने भाषांतराला साधी मराठी निवडली. एखाद्या शब्दाशी दोन दिवस झटताना मला त्यांची आठवण होते.

भाषा फसवतेही. येशू प्रार्थनेत देवाला ‘अब्बा’ म्हणतो, हा अरामी शब्द मार्कने ग्रीकमध्ये तसाच ठेवला आहे. आमच्याकडे घरोघरी आबा. मी हरखून कागदावर ‘आबा’ लिहिलं. यात फक्त नाद जुळतो, नातं काही नाही. जर्मन अभ्यासक येरेमियास यांनी हा शब्द लहान मुलांच्या बोलीतून आल्याचं म्हटलं, आणि ‘अब्बा’ म्हणजे बोबडं ‘बाबा’ असं सगळीकडे पसरलं. 1988 मध्ये जेम्स बार यांनी दाखवून दिलं की मोठी माणसंही वडिलांना तेच म्हणत. मी ‘आबा’ खोडून काढलं.

सध्या टेबलावर शेवटच्या भोजनाचा कागद आहे. पहिल्या तिघांच्या मते ते वल्हांडणाचं जेवण, म्हणजे क्रूसावरचा मृत्यू निसान महिन्याच्या पंधराव्या दिवसाचा. योहानाच्या मते त्या शुक्रवारी वल्हांडण अजून खायचा होता, म्हणजे चौदावा. पाळकसाहेब दिनदर्शिका घेऊन बसले होते. यहुदी महिना आपल्यासारखाच चंद्राचा, त्यांनाही अधिकमास घालावा लागतो, आणि दिवस सूर्यास्ताला बदलतो. येशूला क्रूसाची शिक्षा देणारा पिलात यहुदियाचा सुभेदार होता इसवी सन 26 ते 36 या काळात. त्या वर्षांत चौदावा निसान शुक्रवारी येतो असं गणित मांडलं की 30 आणि 33 ही दोन वर्षं पुढे येतात. पंधरावा शुक्रवारी बसवायचा, तर गणित पुन्हा मांडावं लागतं.

“म्हणजे दोघांतलं एकच खरं?” पाळकसाहेबांनी विचारलं.

मी पेन्सिल खाली ठेवली. तिथीवर दोघांचं जुळत नाही. पण शुक्रवारावर चौघांचं एकमत आहे. बाहेर अंधारून आलं होतं, दिवे गेले. पाळकसाहेबांनी मोबाइलचा उजेड कागदावर धरला आणि मी ‘शुक्रवार’ हा शब्द चारही रकान्यांत निळ्या पेन्सिलीने रंगवायला घेतला.