पडद्यावरील भूमितीचा पाठ

संगणकास आज्ञा देऊन आकृती काढविणे हा भूमिती शिकविण्याचा एक उत्तम मार्ग आहे. त्यासाठी ‘स्क्रॅच’ हे साधन शिक्षकांस उपयोगी पडेल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने ते २००७ साली प्रसिद्ध केले. ते ब्राउझरमध्ये विनामूल्य चालते. इंटरनेट नियमित नसल्यास संगणकावर उतरवूनही घेता येते.

यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडावयाचे असतात. पेन टेकवून ‘१०० पावले चाल, ९० अंशांत वळ’ ही आज्ञा चार वेळा दिली की चौरस पूर्ण होतो. समभुज त्रिकोणासाठी मात्र पुष्कळ विद्यार्थी ६० अंश देतात व आकृती उघडीच राहते. अशा वेळी शिक्षकांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये. वळावयाचा कोन आतील नसून बाहेरील, म्हणजे १२० अंशांचा, हे मुलाने स्वतः शोधावे. ३६० ला बाजूंच्या संख्येने भागण्याचा नियम त्यातूनच उमगतो.

संगणक नसला तरी पाठ अडत नाही. शिर्डीत गुरुवारची पालखी समाधी मंदिरातून द्वारकामाई व चावडीकडे जाते. ती वाट पावले व वळणे मोजून मुलांनी आज्ञांच्या रूपात लिहावी. एकाने आज्ञा वाचावी, दुसऱ्याने पटांगणात तंतोतंत तसेच चालावे. वाट चुकल्यास चालणाऱ्यास दोष न देता आज्ञा सुधारावी. संगणकाच्या शिक्षणाचा हाच पाया होय.