खांब एकाचा, तारा अनेकांच्या : सामाईक वापर आणि जमिनीवरील हक्क

जुन्नर तालुक्यातील निमगाव सावा यांसारख्या गावी वीज गावठाणातून मळ्यांपर्यंत जाते ती खांबांच्या रांगेने. काही खांब सार्वजनिक रस्त्याच्या कडेला असतात, काही शेतकऱ्याच्या बांधावर. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेचा उद्देश ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशतंतू नेण्याचा होता. तेथून वस्त्यांपर्यंतचा उरलेला टप्पा मात्र बहुधा विजेच्या खांबांच्याच वाटेने जातो. ही वाट परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी कशी वाटून घ्यावी, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो; वस्तुतः तो जमिनीवरील हक्काचा प्रश्न आहे.

त्याचे आर्थिक स्वरूप प्रथम पाहू जाता असे दिसते की, प्रत्येक कंपनीने एकाच बांधावर आपापले खांब रोवणे हा निव्वळ अपव्यय होय. ग्राहकाला लाभ होतो तो सेवेतील स्पर्धेचा, खांबांच्या संख्येचा नव्हे. उलटपक्षी, जिच्या हाती खांब तिने इतरांना मज्जाव केला, तर सेवेतील स्पर्धाही संपुष्टात येते. याच कारणास्तव अमेरिकेत १९७८ मध्ये खांबांवर तारा टाकण्याच्या आकारावर कायद्याने नियंत्रण आणले गेले आणि १९९६ मध्ये दूरसंचार कंपन्यांना भेदभावरहित प्रवेश देण्याचे बंधन त्यात घालण्यात आले.

आता हक्काचा विचार. दुसऱ्याच्या बांधावरून बैलगाडी नेण्याचा वहिवाटीचा हक्क शेतकऱ्यास परिचित असतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात अशा हक्कांचे नियम ग्रथित केलेले असून १८९१ मध्ये तो मुंबई इलाख्यास लागू झाला. या हक्कास दोन मिळकती आवश्यक असतात : एक, जिच्या उपभोगासाठी हक्क असतो ती, दुसरी, जिच्यावर त्याचा भार पडतो ती. तार टाकणाऱ्या कंपनीस शेजारी स्वतःची जमीन नसते. त्यामुळे तिचा हक्क या चौकटीत सहसा बसत नाही. तो स्वतंत्र कायद्याने निर्माण करावा लागतो. १८८५ च्या तार अधिनियमाने तो निर्माण केला, परंतु केवळ वापरापुरता. जमिनीची मालकी धन्याकडेच राहिली. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमानेही कलम १४ अन्वये हीच मर्यादा कायम ठेवली आहे. शिवाय, मार्गाधिकार भेदभाव न करता आणि कोणा एकासच राखून न ठेवता द्यावा, हे तत्त्व कलम १३ मध्ये आहे. त्याखालील मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आले.

तथापि येथे एक कठीण मुद्दा उपस्थित होतो. बांधावर विजेचा खांब उभारू देणाऱ्या शेतकऱ्याने त्याच खांबावर दूरसंचाराच्या तारांनाही संमती दिली, असे मानता येईल काय? १८८२ च्या अधिनियमाचे कलम २३ सांगते की, हक्क उपभोगण्याची रीत व जागा बदलता येते, पण त्यामुळे भार सोसणाऱ्या मिळकतीवर अधिक ओझे पडता कामा नये. खांबावरील हक्क वेगळ्या कायद्याचा असला तरी हे तत्त्व येथे मार्गदर्शक ठरते. हलकी अशी एक तार वाढल्याने फारसे बिघडत नाही. पण प्रत्येक नव्या तारेबरोबर वाऱ्याचा दाब व ताण वाढतो. वळणावरच्या खांबास आधाराची ताणतार लागते, ती शेतात रोवली जाते. आणि प्रत्येक कंपनीची माणसे दुरुस्तीसाठी उभ्या पिकातून जातात. खाजगी जमिनीबाबत प्रथम धन्याशी वाटाघाट करावी, असा जो मार्ग २०२३ च्या अधिनियमाच्या कलम १२ मध्ये आहे, त्याचे मर्म येथे ध्यानात येते.

भाड्याच्या रकमेचीही अशीच गत आहे. २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या कलम ५१ अन्वये वितरण कंपनी, आयोगास पूर्वसूचना देऊन, आपल्या साधनसामग्रीचा अन्य व्यवसायासाठी उपयोग करू शकते. मात्र त्या उत्पन्नाचा आयोगाने ठरविलेला हिस्सा वीजवहनाचा आकार कमी करण्यासाठी वापरावा लागतो. हे न्याय्यच आहे, कारण खांबाचा खर्च अखेर वीजग्राहकांच्या देयकांतून निघतो. परंतु ज्याच्या बांधावर खांब उभा आहे, त्यास या कलमाने काहीही मिळत नाही.

सामाईक वापर म्हणजे केवळ कंपन्याकंपन्यांमधील करार नव्हे, हे यावरून स्पष्ट होईल. त्यात वीजग्राहक, जमिनीचा धनी आणि खांबावर चढणारा तारतंत्री असे आणखी तीन पक्ष असतात. वीजतारांपासून दूरसंचाराच्या तारा किती अंतर खाली असाव्यात, प्रत्येक तारेवर मालकाची खूण असावी की नाही, खांब बदलताना इतरांच्या तारा कोणी व किती मुदतीत हलवाव्यात, मृत तारा कोणी उतरवाव्यात आणि पिकाची नुकसानी कोणी भरावी, या गोष्टी करारात नमूद नसतील, तर वाचलेला खर्च या तिघांच्या माथी पडतो. खांब वाटून घेणे सोपे आहे. त्याचा भार न्यायाने वाटणे, हेच मार्गाधिकाराच्या कायद्याचे खरे कार्य होय.