ट्रॉलीला मागचा कॅमेरा बसवताय? ‘वायरलेस’लाही वायर लागते!

गळीत हंगाम सुरू झाला की फडापासून कारखान्याच्या अड्ड्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. फडात ट्रॉली मागं घ्यावी लागते, अरुंद पाणंदीत घ्यावी लागते, घरी आल्यावर अंगणातही घ्यावी लागते. रिकाम्या ट्रॉलीला निदान मान वळवून अंदाज येतो. ऊस भरला की चालकाला मागचं काहीच दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या जागेत कधी मोळी उचलणारी बाई असते, कधी कोपीतून खेळत आलेलं पोरगं.

नव्या मोटारींना 1 जुलै 2019 पासून मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. ट्रॉलीच्या मागची काळजी मात्र मालकाला आणि चालकालाच घ्यावी लागते. म्हणून अलीकडं काही ट्रॅक्टरमालक ट्रॉलीला मागं वायरलेस कॅमेरा आणि स्टेअरिंगजवळ छोटी स्क्रीन बसवून घेत आहेत. वस्तू कामाची आहे. पण पंधरा दिवसांत चित्र जायला लागलं, महिन्यात कॅमेरा बंद पडला, अशी ओरडही तितकीच असते. बहुतेक वेळा दोष कॅमेऱ्याचा नसतो. त्याला दिलेली वीज कच्ची असते, नाहीतर जागा चुकलेली असते.

पेटीतलं पत्रक आपल्या ट्रॉलीचं नाही

बाजारात मिळणारे यातले बरेच संच अमेरिकेसारख्या देशांत मोटारीमागं ओढायच्या, राहण्याची सोय असलेल्या ट्रेलरसाठी तयार झालेले आहेत. त्या ट्रेलरची मागची भिंत सपाट आणि उंच असते. वरच्या कडेला छोटे दिवे असतात आणि त्या दिव्यांच्या वायरीतूनच कॅमेऱ्याला वीज दिली जाते. पत्रकातही तसंच चित्र असतं.

आपल्या उसाच्या ट्रॉलीला मागं सपाट भिंत नसते, वर दिवे नसतात आणि ऊस फाळक्याच्या बाहेर हातभर आलेला असतो. त्यामुळं पत्रकाप्रमाणं कॅमेरा वर लावला तर तो उसात गडप होतो.

दुसरा गैरसमज ‘वायरलेस’ या शब्दाचा. यात फक्त चित्र हवेतून स्क्रीनपर्यंत जातं. कॅमेऱ्याला वीज लागतेच आणि ती वायरीनंच द्यावी लागते. बॅटरीवर चालणारे, लोहचुंबकानं चिकटणारे कॅमेरेही मिळतात. पण ते वेळेवर चार्ज करावे लागतात आणि खडबडीत रस्त्यावर निसटून पडायची भीती असते. रोजच्या खेपांना वायरीचा कॅमेराच बरा.

घेताना काय बघावं

पहिली गोष्ट, संच डिजिटल असावा. जुन्या पद्धतीच्या ॲनालॉग संचात कॅमेरा आणि स्क्रीन यांची आपसात पक्की ओळख नसते. अड्ड्यावर शेजारच्या ट्रॅक्टरला तसाच संच असेल तर त्याच्या मागचं चित्र आपल्या स्क्रीनवर येऊ शकतं. चालकाला वाटतं मागं मोकळं आहे, आणि तो बघत असतो दुसऱ्याची ट्रॉली. डिजिटल संचात कॅमेरा आणि स्क्रीनची जोडी लावलेली असते, त्यामुळं असा घोळ होत नाही.

दुसरी, मोबाईलवर चित्र दाखवणारा वाय-फाय कॅमेरा स्वस्त पडतो, पण त्यातलं चित्र थोडं उशिरा येतं. ताशी 5 किलोमीटर वेगानं ट्रॉली मागं जात असेल तर ती एका सेकंदात सुमारे 1.4 मीटर सरकते. चित्र अर्धा सेकंद उशिरा आलं तरी ट्रॉली दोन फुटांहून जास्त पुढं गेलेली असते. त्यात मध्येच फोन आला तर चित्रच जातं. मागं घेण्याच्या कामाला वेगळी स्क्रीन असलेला संच घ्यावा.

तिसरी, कॅमेऱ्यावर आयपी 67 किंवा त्याहून वरचा आकडा आहे का ते बघावं. याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि पाणी लागलं तरी चालतं. स्क्रीन मात्र सहसा पाण्यात टिकणारी नसते. रात्रीच्या खेपा असतील तर अंधारात दिसणारा, म्हणजे इन्फ्रारेड दिवे असलेला कॅमेरा हवा.

चौथी, संच किती व्होल्टचा आहे ते वाचावं. ट्रॅक्टरची बॅटरी 12 व्होल्टची असते. 12 ते 24 व्होल्ट लिहिलेला संच चालतो. मोबाईल चार्जरवर चालणारा 5 व्होल्टचा कॅमेरा थेट बॅटरीला जोडला तर जळतो.

कॅमेरा कुठं लावायचा

उसाच्या ट्रॉलीला सगळ्यात बरी जागा म्हणजे मागच्या टोकाची, तळाखालची आडवी पट्टी, बरोबर मध्यभागी. बाहेर आलेला ऊस वर राहतो आणि कॅमेऱ्याला खालून मोकळं दिसतं. चाकांचा चिखल उडू नये म्हणून पुढच्या बाजूला रबराचा तुकडा आणि वर पत्र्याची छोटी टोपी करून घ्यावी. कारखान्यात गव्हाणीवर ऊस उतरवताना साखळी किंवा तारेचा दोर कुठून जातो, तेही आधी बघावं. त्या वाटेत कॅमेरा आला तर पहिल्याच खेपेला तुटतो.

मुरूम, शेणखत ओढणाऱ्या डंपिंग ट्रॉलीला ही जागा चालत नाही. ट्रॉली उचलली की सगळा माल कॅमेऱ्यावर येतो. तिथं मागच्या कोपऱ्याच्या उभ्या खांबाला, वरच्या बाजूला, आत आणि खाली तोंड करून कॅमेरा लावावा. उघडबंद होणाऱ्या फाळक्यावर कॅमेरा कधीच लावू नये.

चित्र पाठवणारी छोटी दांडी, म्हणजे अँटेना, लोखंडाच्या खोबणीत लपवू नये. लोखंड लहरी अडवतं आणि ओल्या उसातूनही त्या नीट पार होत नाहीत. अँटेना सुटी होणारी असेल तर जास्तीची केबल घेऊन ती चालकाच्या बाजूच्या खांबाला, थोडी बाहेर काढून लावावी. खोक्यावर लिहिलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं, भरल्या ट्रॉलीमागचं नाही.

वीज कुठून घ्यायची

बऱ्याच ठिकाणी ट्रॉलीच्या मागच्या दिव्याच्या वायरीला कॅमेरा जोडून टाकतात. मग दिवसा दिवे बंद असले की कॅमेराही बंद. मोटारीसारखा रिव्हर्सचा दिवाही ट्रॅक्टरला सहसा नसतो. त्यामुळं स्वतंत्र वायर ओढणंच सोयीचं. काम असं करून घ्यावं:

1. बॅटरीच्या प्लसपासून वायर घ्यावी आणि बॅटरीजवळच फ्यूज बसवावा. संचाच्या पत्रकात दिलेलाच फ्यूज वापरावा. फ्यूज नसेल आणि वायर घासून उघडी पडली, तर आग लागू शकते.

2. पुढं डॅशबोर्डवर एक बटण घ्यावं. कॅमेरा आणि स्क्रीन दोन्ही त्याच बटणावर ठेवावेत. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब पडतो आणि स्क्रीन बंद-चालू होते, म्हणून इंजिन सुरू झाल्यावरच बटण दाबावं.

3. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये प्लग-सॉकेट हवंच. सात पिनांचं सॉकेट असेल तर मोकळी पिन वापरता येते. वायरीच्या रंगावर विश्वास ठेवू नये. कोणत्या पिनला वीज आहे ते टेस्टर लावूनच बघावं.

4. मायनससाठी वेगळी काळी वायर ओढावी. अनेक ट्रॉल्यांचे दिवे हुकाच्या लोखंडातूनच अर्थ घेतात. हुकात ग्रीस, गंज आणि माती असते. खड्ड्यात ट्रॉली हलली की अर्थ तुटतो आणि चित्र जातं. लोक म्हणतात सिग्नल गेला, पण गेलेली असते अर्थिंग.

5. हुकाजवळ वायरीला पुरेशी ढील ठेवावी. ट्रॅक्टर दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघावा. वायर ताणली जाता कामा नये, जमिनीला लागता कामा नये आणि पीटीओच्या फिरत्या शाफ्टजवळ तर मुळीच जाता कामा नये.

6. ट्रॉलीखालून वायर नेताना ती प्लास्टिकच्या नळीत घालावी आणि हात-दीड हातावर बांधावी. जोड नुसते पिळून चिकटपट्टी लावू नये. डाग देऊन किंवा लग दाबून पक्के करावेत.

ट्रॉलीला वेल्डिंग करायचं असेल तेव्हा कॅमेऱ्याचा प्लग आठवणीनं काढावा. वेल्डिंगच्या करंटनं कॅमेरा जळू शकतो.

डावं ते डावंच दिसलं पाहिजे

स्क्रीन चालकाच्या नजरेच्या टप्प्यात, पण पुढचा रस्ता अडणार नाही अशी लावावी. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर चिकटणारा रबरी पाय धक्क्यानं सुटतो. छताच्या पाईपला किंवा मडगार्डला क्लॅम्पनं आवळून बसवावी. उन्हात दिसावी म्हणून तिला वरून आडोसा करावा आणि रात्री काढून घरात ठेवावी.

आता एका माणसाला ट्रॉलीच्या मागं, डाव्या चाकाच्या बाजूला उभं करून हात वर करायला सांगावं. तो स्क्रीनवरही डाव्या बाजूलाच दिसला पाहिजे. उजवीकडं दिसत असेल तर मेन्यूत जाऊन चित्र आरशासारखं उलटवून घ्यावं. ट्रॉली मागं घेताना आधीच स्टेअरिंगच्या उलट दिशेनं जाते. त्यात चित्रही उलटं असेल तर मुरलेला चालकसुद्धा फसतो.

घमेल्याची परीक्षा

ट्रॉलीच्या मागच्या कडेला लागून जमिनीवर एक घमेलं ठेवावं. ते स्क्रीनवर दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर कॅमेऱ्याचं तोंड आणखी खाली करावं. चित्राच्या एका कडेला ट्रॉलीची स्वतःची पट्टी थोडी दिसत राहावी, म्हणजे जवळचं काही सुटत नाही. रांगतं पोर घमेल्यापेक्षा फार उंच नसतं, हे लक्षात ठेवून ही परीक्षा घ्यावी.

नंतर मागं 1, 2 आणि 3 मीटरवर चुन्याच्या रेघा ओढाव्यात आणि त्या स्क्रीनवर कुठं येतात ते बघून ठेवावं. रुंद दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात वस्तू असते त्यापेक्षा लांब वाटते. स्क्रीनवरच्या तयार रंगीत रेघा आपल्या ट्रॉलीच्या मापाच्या नसतात. त्या जुळवता येत असतील तर चुन्याच्या रेघांवर जुळवाव्यात, नाहीतर बंद कराव्यात.

चित्र येत नसेल तर

आधी वीज बघावी. अंधारात, किंवा दिवसा कॅमेऱ्यासमोर तळहात धरून, मोबाईलच्या कॅमेऱ्यातून त्याच्याकडं बघावं. इन्फ्रारेड दिवे बारीक चमकताना दिसले तर वीज पोचते आहे. मग अँटेना आणि जोडी लावणं तपासावं. काहीच चमकत नसेल तर फ्यूज, प्लग आणि काळी वायर, या क्रमानं बघत जावं. रिकाम्या ट्रॉलीत चित्र नीट येतं आणि भरल्यावर जातं, असं होत असेल तर अँटेनाची जागा बदलावी.

काच रोज पुसावी. कोरड्या फडक्यानं धूळ घासली तर चरे पडतात. आधी पाणी मारून मग मऊ फडक्यानं पुसावं.

कॅमेऱ्याला काय दिसत नाही

सगळं नीट बसलं तरी कॅमेरा फक्त मागचं दाखवतो. ट्रॉलीच्या चाकाजवळ बाजूला बसलेला माणूस त्यात दिसत नाही. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधल्या जागेत शिरलेलं पोरगं दिसत नाही. ट्रॉलीखाली सावलीला झोपलेलं कुणीही दिसत नाही. मागोमाग दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर कॅमेरा असला तरी मागं घेण्याच्या भानगडीत पडू नये. मागची ट्रॉली सोडूनच काम करावं.

म्हणून जुनी पद्धत मोडायची नाही. मागं घेण्याआधी खाली उतरून एक चक्कर मारायची. पोरं कुठं आहेत ते टोळीतल्या कुणाला तरी विचारायचं. हॉर्न द्यायचा, टेपरेकॉर्डर बंद करायचा आणि मागच्या माणसाची हाक ऐकू येईल इतकं हळू घ्यायचं. बटण दाबल्यावर चित्र यायला काही सेकंद लागतात, तेवढं थांबायचं. मध्येच चित्र गेलं तर अंदाजानं पुढं रेटायचं नाही, ब्रेक दाबून खाली उतरायचं.

कॅमेरा बसवायला गॅरेजवाल्याचा अर्धा दिवस जातो आणि घमेल्याची परीक्षा पाच मिनिटांत होते. हंगामाची पहिली खेप भरण्याआधी आणि नंतर दर आठवड्याला ती पाच मिनिटं काढली, तर फडातल्या कोपीत झोळीला बांधलेल्या लेकराची आई निर्धास्तपणे ऊस तोडू शकेल.