क्लोरोक्विनमधले ‘क्विन’ कोठून आले?

सायखेड्यासारख्या गोदाकाठच्या गावात हिवतापाचा विषय निघाला, की आजोबा ‘कोयनेल’ म्हणतील, पाठ्यपुस्तकात ‘क्विनीन’ असेल आणि दवाखान्यातून आणलेल्या पाकिटावर ‘क्लोरोक्विन’ छापलेले असेल. ही तिन्ही नावे एकाच औषधाची का? नाही. पहिली दोन एकाच औषधाची आहेत. तिसरे औषध निराळे, फक्त आडनाव तेच. हे आडनाव कसे चालत आले ते आपण पाहू.

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात केचुआ भाषा बोलतात. तीत ‘किना’ म्हणजे झाडाची साल. औषधी सालीला ‘किना-किना’ असे दुहेरी नाव पडले. सतराव्या शतकात ही साल स्पॅनिश लोकांनी युरोपात नेली. ‘कि’ हा उच्चार स्पॅनिश व फ्रेंच लिपीत क्यू-यू-आय असा लिहितात. १८२० साली पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हांतू यांनी सालीतील गुणकारी द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव ‘किनीन’. इंग्रजांनी तीच अक्षरे आपल्या पद्धतीने वाचली, म्हणून ‘क्विनीन’ आणि ‘क्विनाइन’ झाले; मराठी जिभेवर त्याचे ‘कोयनेल’ झाले. जर्मन भाषेत हाच शब्द सी-एचने सुरू होतो. क्लोरोक्विनच्या ‘रेसोचिन’ या व्यापारी नावातले ‘चिन’ असे आले आहे. त्याचा चीन देशाशी संबंध नाही.

झाडाचे नाव दुसऱ्या वाटेने आले. पेरूच्या स्पॅनिश व्हाइसरॉयची पत्नी, चिंचोनची काउंटेस, या सालीने तापातून उठली अशी कथा होती. तिच्यावरून लिनियसने १७४२ साली झाडाला ‘सिंकोना’ नाव दिले. पुढे संशोधकांनी जुनी कागदपत्रे तपासली, तेव्हा कथेला आधार सापडला नाही. शिवाय ‘चिंचोन’मधला पहिला ‘एच’ लिनियसच्या स्पेलिंगात गळला होता. तरी नाव टिकले, कारण रुळलेली शास्त्रीय नावे सहसा बदलत नाहीत. आपल्याकडे महाबळेश्वरजवळ लिंगमळा येथे सिंकोना लावून पाहिला गेला, पण तो प्रयत्न फसला. निलगिरी आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत मात्र तो रुजला.

आता क्लोरोक्विन. १८४२ साली जेरार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने सालीतील अशी द्रव्ये तीव्र अल्कलीबरोबर तापवली. त्यातून एक तेलकट द्रव मिळाला. त्याच्या रेणूत दोन कड्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि एका कडीत नायट्रोजनचा अणू असतो. या द्रवाला ‘क्विनोलीन’ म्हणू लागले. १९३४ साली जर्मनीत हान्स आंदेरसाग यांनी याच सांगाड्यावर क्लोरीन असलेले एक संयुग प्रयोगशाळेत तयार केले. क्लोरीन आणि क्विनोलीन मिळून ‘क्लोरोक्विन’. नावात साल आहे, गोळीत नाही!

म्हणजे ‘क्विन’ हे शेपूट रेणूचे कूळ सांगते; त्याचे काम किंवा त्याचा धोका सांगत नाही. क्लोरोक्विन रक्तातील परजीवींवर काम करते. पण व्हायव्हॅक्स जातीचे परजीवी यकृतातही दडून बसतात आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी ताप पुन्हा येतो. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस देतात. मात्र ज्यांच्या शरीरात जी-६-पीडी हे विकर जन्मतःच कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी प्रायमाक्विनने फुटू लागतात. गरोदर स्त्रियांना आणि तान्ह्या बाळांनाही ते देत नाहीत. क्विनीन आणि क्विनिडीन यांच्यात तर अणूही तेच आणि तितकेच. फक्त मांडणी वेगळी. तेवढ्यावर क्विनिडीन हृदयाचे ठोके नियमित करण्याचे औषध ठरले. २०२० साली हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कोविडवर चालेल अशी आशा होती. मोठ्या चाचण्यांत ती फोल ठरली.

तेव्हा शेजाऱ्याकडे उरलेली ‘क्विन’वाली गोळी आपल्यालाही चालेल, हा तर्क जिवावर बेतू शकतो. रक्त तपासून डॉक्टर जी गोळी आणि जितके दिवस सांगतील, तीच आणि तितके दिवस घ्यावी. शिक्षकांनी वर्गात औषधांची रिकामी पाकिटे मागवून व्यापारी नाव आणि मूळ नाव वेगवेगळ्या रकान्यांत लिहून घ्यावे. एकाच मूळ नावाला किती व्यापारी नावे आहेत आणि सारख्या वाटणाऱ्या नावांखाली किती निराळी औषधे आहेत, हे मुलांना आपोआप दिसेल.