वाट पाहणारा संगणक

रत्नागिरीला मांडवीच्या जेटीजवळ एका खोलीत आमचा एक संगणक होता. समुद्राच्या पाण्याची पातळी मोजणारे उपकरण त्याला जोडलेले होते. दर दहा मिनिटांनी एक छोटा प्रोग्राम सुरू व्हायचा, नव्या नोंदी दूरच्या शहरातल्या डेटाबेसकडे पोचवायचा आणि बंद व्हायचा. या संगणकाला पडदा नव्हता, कळफलक नव्हता, माउसही नव्हता. माणसाने तिथे बसण्याची गरजच नव्हती. निदान आमची तशी समजूत होती.

२०१२ च्या पावसाळ्यात आम्ही ड्रायव्हरची नवी आवृत्ती बसवली. ड्रायव्हर म्हणजे आपला प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामधला दुभाषा. त्यानंतर प्रोग्राम अधूनमधून अडकू लागला. चुकीचा संदेश नाही, काही नाही, नुसता गप्प. बऱ्याच वेळाने पलीकडचा डेटाबेस कंटाळून संपर्क तोडायचा. उपकरणाच्या स्मृतीत काही तासांच्याच नोंदी मावत. त्यामुळे अमावास्येच्या मोठ्या भरतीच्या नोंदी गेल्या, त्या कायमच्याच. ती भरती काही पुन्हा येणार नव्हती.

मी पुण्याहून गेलो. कळफलक, माउस आणि पडदा जोडून दिवसभर बसलो. सारे सुरळीत! परत आलो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तारा बदलल्या, टेलिफोन लाइन तपासली. शेवटी तिथले राखणदार काका म्हणाले, “सर, तुम्ही असलात की चालतो तो. गेलात की रुसतो.”

मी हसलो, पण ते निरीक्षण अचूक होते. मग एक प्रयोग केला. खोलीतच बसलो, पण कशाला हात लावला नाही. प्रोग्राम अडकला. माउस नुसता इकडेतिकडे हलवला. काही क्षणांत संपर्क जुळला! म्हणजे संगणकाला माझी सोबत नको होती. त्याला माझी हालचाल हवी होती. ती कशासाठी?

अडकलेला प्रोग्राम दोन प्रकारचा असतो. एक गोल गोल फिरत राहतो आणि प्रोसेसरचा सारा वेळ खातो. दुसरा झोपलेला असतो, कशाची तरी वाट पाहत. युनिक्स घराण्यातल्या यंत्रणांमध्ये ‘पीएस’ ही आज्ञा दिली की हा फरक दिसतो. आमचा झोपलेला होता. तो कोणाची वाट पाहतो आहे, हे लिनक्समध्ये ‘एस-ट्रेस’ सांगते. प्रोग्रामने यंत्रणेकडे केलेली प्रत्येक मागणी ती ओळीने दाखवते. मला वाटले होते, शेवटची ओळ नेटवर्कची असेल. पण तिथे ‘डेव्ह-रँडम’ नावाची फाइल वाचण्याची मागणी होती.

ही खरी फाइल नव्हे. लिनक्सने ठेवलेली ती यादृच्छिक, म्हणजे आधी सांगता न येणाऱ्या, संख्यांची टाकी आहे. १९९४ मध्ये थिओडोर त्सो यांनी ती लिनक्समध्ये आणली. डेटाबेसमध्ये शिरताना पासवर्ड उघडा पाठवायचा नसतो; तो गुप्त करायला अशी संख्या लागते. आमचा नवा ड्रायव्हर जावा भाषेतला होता आणि जावा ती संख्या या टाकीतून मागत होती.

पण संगणकाने स्वतःच संख्या का बनवू नये? फळ्यावर करून पाहा. ७ घ्या. पाचाने गुणा, ३ मिळवा, सोळाने भागून बाकी लिहा. बाकीवर पुन्हा तेच करा. ७, ६, १, ८, ११, १०, ५, १२... ओळ कशीही उड्या मारताना दिसते. पण सोळा पायऱ्यांनंतर पुन्हा ७ येतो, आणि नियम व सुरुवात ठाऊक असणारा कोणीही विद्यार्थी पुढची संख्या सांगू शकतो. संगणकाचे सूत्र कितीतरी मोठे असते, तरी सुरुवातीची संख्या ओळखू आली तर गुपित फुटते. १९९५ मध्ये इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी नेटस्केप ब्राउझरचे गुपित असेच फोडले. त्याची सुरुवातीची संख्या घड्याळाची वेळ आणि चालू प्रोग्रामचे क्रमांक यांवरून बनत होती.

म्हणून ही सुरुवात संगणकाबाहेरून आणावी लागते. तुम्ही कळा दाबता त्यांमधले सूक्ष्म अंतर, माउसची हालचाल, डिस्कच्या कामातले कमीजास्त विलंब, यांतून लिनक्स ती टाकी भरते. मांडवीच्या एकाकी खोलीत कळ दाबणारे कोणी नव्हते. दर दहा मिनिटांनी सुरू होणारा प्रोग्राम टाकी उपसत होता आणि ती भरत होती थेंबाथेंबाने. पुरेसे साठेपर्यंत वाचणाऱ्याला थांबवायचे, असा ‘डेव्ह-रँडम’चा तेव्हा नियम होता. गंमत पाहा: सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी येणारी, वेळापत्रकात छापता येणारी भरती मोजणारा संगणक अनिश्चिततेच्या दुष्काळात अडकला होता!

उपाय एका ओळीचा निघाला. ‘डेव्ह-यूरँडम’ ही शेजारची फाइल वाचणाऱ्याला थांबवत नाही. यंत्र सुरू झाल्यावर टाकी एकदा नीट भरली की तिच्या संख्याही पुरेशा सुरक्षित असतात. जावाला तिच्याकडे वळवले. जुन्या जावात ते नाव सरळ लिहून भागत नसे. वाटेत एक जादा टिंब घालावे लागे. २०२० मध्ये आलेल्या लिनक्सच्या ५.६ आवृत्तीपासून, टाकी एकदा भरल्यावर ‘डेव्ह-रँडम’ही कोणाला थांबवत नाही.

अर्थात डेटाबेसशी संपर्क अडकला की कारण हेच असते असे नाही. मध्येच संदेश गिळणारी फायरवॉल, नाव-पत्ता न सापडणे, दुसऱ्याने लावलेले कुलूप, अशी इतरही कारणे असतात. पण शोधाची वाट तीच. ‘काय बिघडले?’ या प्रश्नाआधी ‘आत्ता तो काय करतो आहे?’ हे विचारावे. मी तो प्रश्न उशिरा विचारला, आणि तोवर एका अमावास्येच्या नोंदी गेल्या.

काकांचे ‘रुसतो’ हे स्पष्टीकरण चुकीचे होते, निरीक्षण मात्र बिनचूक होते. वर्गातली मुलेही पुष्कळदा असेच बोलतात. स्पष्टीकरण दुरुस्त करण्याच्या घाईत निरीक्षण पुसून टाकू नये.