वात, औषध आणि मेंदूंतील लहरी

कालपर्यंत पंचांग वाचून दाखविणारे आजोबा आज मध्यरात्रीं उठून कोर्टाची वेळ झाली म्हणून कोट मागतात, भिंतीवर मुंग्या चालल्या आहेत असें सांगतात, आणि दुपारीं पुन्हां शुद्धीवर येऊन चहा घेतात. घरचीं माणसें 'साठी बुद्धि नाठी' म्हणून स्वस्थ बसतात. ही म्हण आमच्या मतें फार घातक आहे. म्हातारपणचा विसर वर्षानुवर्षें वाढत जातो. एका दिवसांत येतो तो बहुधा वात, आणि त्याचें मूळ पुष्कळदां ज्वरांत किंवा औषधाच्या डबींत असतें.

धोतऱ्यास संस्कृतांत 'उन्मत्त' असें नांव आहे, तें उगीच नव्हे. त्यांतील ॲट्रोपीनादि द्रव्यें मेंदूंतील ॲसिटिलकोलीनचें कार्य अडवितात. सर्दीच्या व झोपेच्या कांहीं गोळ्यांत असणारें डायफेनहायड्रामीनही तेंच करतें. तरुणास त्यानें बहुधा नुसती गुंगी येते. वृद्धास भ्रम होऊं शकतो.

हा भ्रम कागदावर उमटतो. येना येथील जर्मन वैद्य हान्स बर्गर यांनीं १९२४ सालीं मनुष्याच्या मेंदूंतील विद्युत्-लहरी प्रथम टिपल्या व १९२९ सालीं तें प्रसिद्ध केलें. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या जाग्या माणसाच्या मस्तकाच्या मागील भागीं सेकंदास ८ ते १३ लहरी आढळतात. वात झाला म्हणजे त्या बहुधा ४ ते ७ वर, कधीं त्याहूनही खालीं येतात. अमेरिकेंतील एंगेल व रोमानो यांनीं १९४० नंतर दाखविलें कीं, जाणीव जितकी मंद तितक्या लहरी सावकाश. रोगी सुधारूं लागला कीं त्यांचाही वेग वाढतो. दारू एकाएकीं सुटल्यानें होणारा वात मात्र निराळा. त्यांत लहरी सहसा मंदावत नाहींत.

सेफेपीम या जंतुनाशक औषधाची गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मूत्रपिंडें दुर्बल असलीं म्हणजे तें शरीरांत सांचतें. रोगी टक लावून पाहतो, बोलत नाहीं; हातपाय झडत नाहींत, तरी आंत अपस्माराचा झटका चालूं असूं शकतो. तो ओळखावयास विद्युत्-आलेखच लागतो. वेळीं औषध बदललें तर असे रोगी बहुधा थोड्याच दिवसांत शुद्धीवर येतात.

यास्तव डॉक्टरांकडे जातांना काढे व शिंकांच्या गोळ्या धरून सर्व औषधें बरोबर न्यावींत. कोणती गोळी कधीं सुरू झाली हें पुष्कळ घरांत सुनेस ठाऊक असतें, मुलास नसतें. तेव्हां तीही बरोबर असावी. झोपेची जुनी गोळी मात्र आपल्या मनानें एकदम बंद करूं नये. तिच्या अभावींही वात व झटके येतात.