लिपी हिब्रू, भाषा फारसी

करारनामा, जाहीरनामा हे शब्द तुमच्या रोजच्या वापरातले. त्यातला ‘नामा’ फारसी. नामा म्हणजे लिहिलेला मजकूर, ग्रंथ. फिरदौसीचा ‘शाहनामा’ आपण ऐकून असतो. पण ‘मुसानामा’ ऐकलाय का? तो शाहीन नावाच्या इराणी यहुदी कवीने १३२७ साली रचला.

इराणातले यहुदी घरीदारी फारसी बोलत, पण ती लिहीत आपल्या धर्मग्रंथाच्या हिब्रू लिपीत. ही चाल फार जुनी. मध्य आशियात खोतानजवळ वाळूत १९०१ साली सापडलेले आठव्या शतकातले एक व्यापारी पत्र असेच आहे. त्यात मेंढ्यांच्या व्यवहाराचा विषय आहे!

शाहीनने मुसा, म्हणजे मोशे, याची कथा आपल्या ‘तोरा’ या धर्मग्रंथातून घेतली. घाट मात्र तिला शाहनाम्यासारख्या वीरकाव्याचा दिला. पुढे त्याने योसेफाची गोष्ट सांगितली. योसेफावर भाळलेल्या मालकिणीचे नाव तोरा सांगत नाही. शाहीनने ‘जुलेखा’ हे नाव मुसलमानी कथापरंपरेतून उचलले.

मग यात त्याचा धर्म बुडाला का? मुळीच नाही. उलट, हिब्रू न कळणाऱ्यालाही आपली धर्मकथा गोड फारसीत ऐकता आली. निजामी, हाफिज यांची काव्येही यहुद्यांनी हिब्रू अक्षरांत उतरवून घेतली.

आता गंमत पाहा. शाहीनचे काव्य मुसलमान शेजाऱ्याला ऐकून समजले असते, पण वाचता आले नसते. शिक्षकबंधूंनो, भाषा एक असूनही लिपी आड येते ती अशी. कुणी मोठ्याने वाचून दाखवले, की ती भिंत उरत नाही.